गच्चीवरचा पंख

शनिवारी सकाळी अप्पांनी पुन्हा इस्त्री पळवली. सिद्धेश्वरी हातात साडी घेऊन गच्चीवर गेली, तर शिवशरण अप्पा विमानाच्या पंखाला इस्त्री करत होते.

"अप्पा, कॉलेजात माझा पहिला तास आहे."

"थांब की जरा. गरम झालं की कापड कसं आवळतंय बघ." त्यांनी टिचकी मारली. पंख हलगीसारखा वाजला. "पोरांना सांग, साडीपेक्षा विमान महत्त्वाचं."

"मग मलाच घरी बसवतील."

खालून तिची आई, अव्वा, ओरडली, "दोघं बी खाली या! भाकरी गार झाली. विमान काय पळून जातंय व्हय?"

"पळावं म्हणूनच तर करतोय की!" अप्पा म्हणाले.

एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यावर त्यांनी सुट्या भागांचं, दोन माणसांचं विमान मागवलं होतं. धड आणि एक पंख अंगणातल्या पत्र्याखाली होते. दुसऱ्या पंखाला जागा उरली नाही, म्हणून तो गच्चीवर. वडील काय करतात, असं कोणी विचारलं की सिद्धेश्वरी "निवृत्त आहेत" एवढंच सांगे. लोकांना हसायला निमित्त लागत नाही, आणि अप्पांना कोणी हसलेलं तिला खपलं नसतं.

त्या दुपारी अप्पा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. विभूती लावताना तिला त्यांच्या बोटावर इस्त्रीचा ताजा चटका दिसला.

अप्पांचे वर्कशॉपातले मित्र भीमाशंकरकाका विमान आपल्या शेडमध्ये नेऊन पुरं करायला तयार झाले. धड गेलं, खालचा पंख गेला. गच्चीवरचा मात्र जिन्यात शिरेना. मोजल्याशिवाय खिळा न ठोकणाऱ्या माणसाने जिन्याचं माप तेवढं घेतलं नव्हतं. पट्ट्या एकेक करून वर गेल्या होत्या आणि वर जाऊन त्यांचा पंख झाला होता.

"मधोमध कापू," तिचा धाकटा भाऊ गुरुशांत म्हणाला. "आता कोण बसणार आहे त्यात?"

"कापायचा नाही."

"मग काय अक्का, त्यावर पापड वाळवायचे?"

"कापायचा नाही म्हटलं ना." आतला मुख्य दांडा एकसंध होता. तो कापला की पंख गेला, आणि पंख गेला की विमानाचं भंगार.

"दोरानं वरनं सोडू," भीमाशंकरकाका म्हणाले.

"आणि गल्लीत? वळणावर आडवा मावायचा नाही," गुरुशांत म्हणाला.

"उभा नेऊ की. यात्रेत ह्याच्या दुपटीचा नंदीध्वज पेलतो आमी. ह्यो तर पोकळ हाय."

सिद्धरामाची संक्रांतीची यात्रा जवळ आली होती. नंदीध्वजाची उंच काठी पेलण्याचा सराव सुरूच होता, त्यामुळे काकांना माणसं शोधावी लागली नाहीत. दोर गुरुशांतनेच धरला. "सावकाश! अप्पा बघतायत!" तो ओरडला आणि दोराचा आणखी एक वेढा हाताला घेतला.

खाली गल्लीत काकांनी कमरेच्या पट्ट्यात पंखाचं टोक रोवलं, चौघांनी बाजूने आधार दिला. पंख उभा राहिला, जरा डुलला, चालू लागला. तेवढ्यात समोरची मल्लव्वा घागर घेऊन धावत आली. तिने काकांच्या पायांवर पाणी ओतलं आणि पंखाला खोबऱ्याचा हार बांधला.

"मावशी, हा नंदीध्वज नव्हे!" गुरुशांत म्हणाला.

"नसंना का! उभा हाय, डुलतोय, सिद्धरामाची माणसं पेलतायत. अजून काय पायजे?"

मग दारोदारी घागरी निघाल्या. कोणीतरी "हर्र बोला हर्र" केलं आणि गल्लीने ते उचलून धरलं. भिजलेले काका कुरकुरले, "आता बास की गं, पाय घसराय लागलं!" अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच अव्वा हसली, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत.

पंख अंगावरचा एक पापुद्राही न सोडता वळणातून बाहेर पडला. मोठ्या रस्त्यावर रिक्षा थांबल्या होत्या. एका रिक्षावाल्याने चप्पल काढून हात जोडले आणि सिद्धेश्वरीला विचारलं, "कुठल्या देवाचं वो, ताई?"

सगळी गल्ली तिच्याकडे बघू लागली. तिचे दोन विद्यार्थीही त्या गर्दीत होते.

"देवाचं नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "विमान आहे. माझ्या अप्पांनी बांधलंय."