कोरा फलक

“आण इकडे तो ब्रश! अक्षरं आहेत की मुंग्यांची रांग?” पेंटरकाकांनी सलूनवाल्याच्या हातून ब्रश हिसकावलाच.

चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. वाईट अक्षर दिसलं की त्यांना राहवायचं नाही. टाळेबंदीविरुद्ध सगळे चौकात जमले, तेव्हा काका फलकावर आपलं एकच वाक्य लिहायला आले होते: ‘मला माझ्या बायकोला भेटू द्या.’ काकू विस्मृतीच्या आजारामुळे वृद्धांच्या केंद्रात होत्या, आणि केंद्राचं दार पाच महिने बंद होतं. शनिवारी निदान खिडकीबाहेर उभं राहू देते, असं मेट्रनबाईंनी कसंबसं कबूल केलं होतं.

सलूनवाल्याचा फलक झाला, मग शिंपीणबाईंचा, मग टेम्पोवाल्याचा. निळी अक्षरं, लाल सावली. बावीस फलक झाले आणि रंग संपला. काका आपला कोराच फलक धरून उभे राहिले.

संध्याकाळी टीव्हीवर निवेदक ओरडत होता, “बघा! सगळे फलक एकाच हातचे! कोण आहे यामागे?” मग काकांच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ आलं. “आणि या आजोबांना तर कशासाठी आणलंय तेही ठाऊक नाही!”

“लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कुणी सांगितलं होतं, बाबा?” मुलगी रडकुंडीला आली.

“अगं, फार गचाळ लिहीत होता गं तो.”

सकाळीच मेट्रनबाईंचा फोन आला. “गर्दीत होतात ना? टीव्हीवर पाहिलं आम्ही. आता चौदा दिवस खिडकीशीही यायचं नाही.”

अकराव्या दिवशी काकू गेल्या. शेवटचं पाहणंही काचेआडूनच झालं.

सामान न्यायला काका फाटकाशी गेले. सिस्टरने शाल, चष्मा, कंगवा हातात दिला आणि घुटमळली.

“काका, त्या दिवशी बातम्यांत तुमचे फलक दिसले ना, तर काकू उठून पार टीव्हीपाशी गेल्या. पडद्याला करंगळी लावली आणि म्हणाल्या, ‘वाळलंय. आमच्या ह्यांचं आहे.’ किती दिवसांनी बोलल्या हो!”

काकांचे डोळे भरून आले. नवी पाटी झाली की कोपऱ्याला करंगळी लावून ती वाळली की नाही ते काकूच सांगायच्या.

“आणि मी? मला ओळखलं तिनं?”

सिस्टर खाली बघू लागली. “मी दाखवलं तुम्हाला. तर म्हणाल्या, ‘छे! आमचे हे पाटी कोरी ठेवतील होय?’”

घरी येऊन काकांनी रंगाचा नवा डबा फोडला. कोऱ्या फलकावर ते वाक्य लिहिलं, ठरवलं होतं तसंच, लाल सावलीसकट. मुलीने दोनदा जेवायला हाक मारली. “वाळू दे गं,” एवढंच ते म्हणाले.

मग बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःच कोपऱ्याला करंगळी लावून पाहिली. रंग वाळला होता.