गुडघ्याचा परस्पर कारभार

किसनरावांचा उजवा पाय उडाला तो थेट भगवानराव पाटलांच्या पागोट्यावर बसला. पागोटं घरंगळत औषधांच्या कपाटाखाली गेलं.

हे घडलं नांदुऱ्याच्या दवाखान्यात. किसनरावांच्या पायांना मुंग्या येतात हे कानावर आल्यापासून पाटलांना चैन नव्हतं. रोग घराण्यातला निघाला तर तो त्यांच्या लेकीबरोबर, कोकिळेबरोबर, आपल्याच घरात येणार! लग्न तोंडावर आलेलं, म्हणून होणाऱ्या व्याह्यांना ते स्वतः डॉक्टरांकडे घेऊन आले होते. आणि डॉक्टरांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली, तेव्हा हे वाकून, नाक पुढे करून पाहत होते. नसती उठाठेव, दुसरं काय!

"पोराच्या बापाले लाथ मारता, इवाई?" पाटील टकलावर हात ठेवून गरजले. "मोडलं लग्न!"

"म्या नाही मारली, पाटील." किसनराव रडकुंडीला आले. "पाय आपल्या मनानं उठला."

"काऊन? पाय काय शेजाऱ्याचा हाय?"

डॉक्टर मध्ये पडले.

"उलट आनंद माना. पाय उडाला म्हणजे मज्जातंतू ठणठणीत आहेत. हातोडीचा निरोप एक तंतू पाठीच्या कण्यापर्यंत नेतो, तिथे दुसऱ्याच्या हवाली करतो आणि तो दुसरा मांडीच्या स्नायूला कामाला लावतो. डोक्याला मागाहून कळतं."

"म्हंजे कोतवाल दवंडी देऊन मोकळा, अन् पाटलाले मांगून पत्ता?" पाटलांनी मान हलवली. "माह्या गावात असं नाही चालत."

"मग तुमचाच गुडघा पाहू."

पाटलांनी दाराकडे पाहिलं, मग किसनरावांकडे. ते उपरण्यानं डोळे पुसत होते. लेकीला घरी जाऊन काय सांगायचं, या विचारानं बिचाऱ्याचं काळीज पाणी पाणी झालं होतं.

पाटील बाकावर चढून बसले, धोतर गुडघ्यावर घेतलं.

"इवाई, पुढं या. मी वाकलो होतो तसेच वाका. नीट पाहा."

किसनराव वाकले. डॉक्टरांनी हातोडी उचलली. ती अजून हवेतच होती, तेवढ्यात पाटलांचा पाय उडाला, आणि किसनरावांचं पागोटं कपाटाखाली पहिल्याच्या शेजारी जाऊन पडलं.

डॉक्टर हातातल्या हातोडीकडे पाहत राहिले. किसनरावांनीही ती पाहिली होती.

"खरं हाय, डॉक्टरसाहेब," पाटील म्हणाले. "डोक्याले पत्ताच नाही लागला."

किसनरावांनी गुडघ्यांवर बसून दोन्ही पागोटी ओढून काढली. पाटलांचं आधी झटकलं.

"तुमची शीर तं माह्याहून चलाख हाय, पाटील," ते म्हणाले. "तं मंग हळद ठरल्या दिवशीच?"

"हाव," पाटलांनी डोकं पुढे केलं. "ठरल्या दिवशीच."