वालेस्कूरोच्या पाणचक्कीचा दगड

मी एक जुना दगड आहे मित्रांनो, चक्कीचा. आता पोर्तुगालमधल्या वालेस्कूरो गावात एका घराच्या दाराशी पायरी म्हणून पडून असतो. दुपारी बायका माझ्यावर बसून शेंगा सोलतात आणि बोलत राहतात. आज जे सांगतो आहे त्यातले काही मी स्वतः सोसले, काही त्यांच्या तोंडून ऐकले.

माझा जन्म डोंगरातल्या खाणीत झाला. पाथरवटाने मला गोल घडवले, मधोमध भोक पाडले आणि मग माझ्या अंगावर पाणी ओतून बराच वेळ निरखत बसला. "याच्या पोटातून एक पांढरी शीर गेलीय," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "दगड चांगला आहे, पण भोवती लोखंडी पट्टा ठोकून घ्या. नाहीतर एक दिवस दगा देईल." गिऱ्हाइकाने पट्टा ठोकून घेतला, त्यात घट्ट पाचर मारली आणि बैलगाडीत घालून मला ओढ्याकाठच्या पाणचक्कीत आणले.

तिथे मी वरचा दगड झालो. खाली पाण्याने चाक फिरे आणि चाकाबरोबर मी. मका आला तर मका, राय नावाचे गव्हासारखे धान्य आले तर तेही. चक्की बेल्शियोरची होती. तो गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, गाणी म्हणायचा, पण मला ओळखायची ती त्याची बायको कितेरिया. पिठाच्या धारेखाली तळवा धरून ती सांगायची, "तापलाय, पाणी कमी करा." मी बोथट झालो की पहारीने मला उलटा करून छिन्नी-हातोड्याने ती स्वतः टाकी लावायची. आमच्या पिठाची भाकरी चिरत नाही, असे गावातल्या बायका म्हणत. ते ऐकून मला बरे वाटे. माझे सगळ्यात चांगले दिवस ते.

मग फ्रेंच सम्राटाचे सैन्य पहिल्यांदा देशात शिरले. बेल्शियोरला लढाईवर नेले आणि तो परत आला नाही. त्यांचे एकुलते मूल आधीच तापाने गेले होते. घरात राहिल्या दोघीच. एक कितेरिया आणि दुसरी तिची सासू एंग्रासिया. एंग्रासियाचे पाय गेलेले होते, तोंड मात्र शाबूत होते. अंथरुणावरून ती सगळ्या गावाचा समाचार घेई.

पुढे एका वर्षी, द्राक्षे काढायच्या दिवसांत, फ्रेंच पुन्हा आले. या वेळी त्यांच्या आधी हुकूम आला. घरे सोडा, लिस्बनकडे चला, मागे दाणा ठेवू नका. तो हुकूम घेऊन चक्कीवर आला दमियांव. हा बेल्शियोरचा मित्र आणि गावच्या फौजेत हवालदार. कितेरियाच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तोच उभा राहिला होता, म्हणून ती त्याला कोंपाद्रे म्हणे आणि तो तिला कोमाद्रे. त्याच्या खांद्यावर घण होता.

"कोमाद्रे, जरा बाजूला हो. दगड फोडायचाय."

"कोण म्हणतं?"

"वरचे म्हणतात. एकही चक्की शाबूत ठेवायची नाही. फ्रेंच उपाशी मेले पाहिजेत."

"आणि आम्ही परत आल्यावर काय चावायचं? तुझा घण?"

दमियांव हसला नाही. "तू निघतेयस ना?"

"आईला काय पाठीवर टाकून नेऊ लिस्बनला? वरती कपारीत नेऊन ठेवते तिला. तुझा बाप निघाला का?"

"तोमेबाबा? तो म्हणतो, शेळी येत नाही तर मीही येत नाही."

"मग झालं तर. आम्ही मागे राहणारच आहोत," कितेरिया म्हणाली. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "कोंपाद्रे, दगड फोडू नकोस. याला आसावर तोलून धरणारी लोखंडी पट्टी काढून ने आणि डोहात टाक. ती नसली की हा नुसता धोंडा आहे. कोण काय दळणार आहे याच्यावर?"

दमियांवने घण उचलला, धरून ठेवला आणि हळूच जमिनीवर टेकवला. पट्टी काढून त्याने डोहात फेकली. "कुणी विचारलं तर फोडला म्हणून सांगेन," एवढे बोलून तो गेला. मी वाचलो मित्रांनो. त्या दिवशी मला वाटले, आपल्यासारखा नशीबवान कोणी नाही.

फ्रेंच सैन्य गावावरून पुढे गेले. पण लिस्बनच्या अलीकडे डोंगराडोंगरांवर किल्ले बांधून ठेवले होते, तिथे त्यांचे पाऊल अडले. काही आठवडे ते तिथे थांबले आणि मग मागे सरकून गावागावांत हिवाळ्यासाठी ठाण मांडून बसले. वालेस्कूरोत एक तुकडी राहिली. त्यांनी दारे जाळली, जैतुनाची झाडे जाळली, चर्चमधली बाकेही जाळली. त्यांच्यात मार्सियाल नावाचा एक सैनिक होता. गालफडे बसलेली, हात मोठे. तो चक्कीवाल्याचा मुलगा होता. मला पाहताच त्याने टोपी काढली आणि माझ्यावरून हात फिरवला. मग तोफेच्या गाड्याच्या चाकाची लोखंडी धाव तोडून, तापवून, ठोकून त्याने नवी पट्टी बनवली.

पाणी सुटले आणि मी फिरू लागलो. दगडाला दुसरे काही येत नाही.

गावात धान्य नव्हते, ते आजूबाजूच्या रानात पुरलेले होते. लपलेल्या म्हाताऱ्यांना आणि बायकांना सैनिक हुडकून काढत आणि ते कुठे आहे हे वदवून घेत. एका सकाळी दोघांनी पोती आणून माझ्यापाशी टाकली. एकजण म्हणाला, "त्या शेळीवाल्या म्हाताऱ्यानं फार वेळ लावला. उलटा टांगून खाली जाळ केला, तेव्हा कुठे बोलला."

"मग सोडलात?" मार्सियालने विचारले.

"सोडून काय करायचं? तो संपला होता."

मार्सियालने पोते उचलून माझ्या तोंडात रिकामे केले. तोमेबाबाचा मका मी दळला. तो नेहमी फडक्यात बांधून थोडा थोडा आणायचा आणि पीठ होईपर्यंत दारात बसून शेळीशी गप्पा मारायचा.

चक्कीचा आवाज वर कपारीत ऐकू जात होता. तोमेबाबाची बातमी तिथेही पोचली. दोघी गवताची मुळे आणि चेस्टनट उकडून खात होत्या. एंग्रासियाला ताप भरला होता.

"ऐकतेयस ना?" ती सुनेला म्हणाली. "आपली आहे ती."

"माहीत आहे, आई."

"ती वाजतेय तोवर ते हलायचे नाहीत. पीठ मिळतंय, मग कशाला हलतील? आज तोमे गेला, उद्या आपल्याला शोधतील."

"मीच वाचवला तो दगड. दमियांव फोडायला आला होता."

"वाचवलास ते बरं केलंस. मीही वाचवला असता," म्हातारी म्हणाली. "आता जा आणि थांबव त्याला."

कितेरिया काठीला पांढरे फडके बांधून खाली उतरली. पहारेकऱ्याने तिला चक्कीत ढकलले. तिने धारेखाली तळवा धरला. पीठ कढत होते, दाणे अर्धेमुर्धे भरडलेले. मी पार बोथट झालो होतो.

"टाकी लावायला झालाय," ती म्हणाली.

मार्सियाल लष्करात फिरून फिरून इथली भाषा मोडकीतोडकी शिकला होता. "माहीत. मला येत नाही. बाप करायचा. मी लहान होतो. मग बंदूक."

"मी लावते. टोपलीभर पीठ दे."

"टोपली नाही. दोन ओंजळ."

"चालेल. पण ओंजळ तुझी. तुझे हात मोठे आहेत."

तो हसला. त्या चक्कीत कित्येक दिवसांत कोणी हसले नव्हते.

त्याने आणि पहारेकऱ्याने पहारीने मला उलटे केले. कितेरिया माझ्या अंगावर बसून कामाला लागली. तिचा हात माझ्या ओळखीचा होता. आधी तिने नेहमीसारखे घाव घातले, चांगले, सारखे. मग छिन्नी त्या पांढऱ्या शिरेवर आली आणि तिथेच राहिली. ती खोल जात होती, पुन्हा पुन्हा त्याच जागी, आणि वरून ओल्या पिठाचा लेप देऊन घाव झाकत होती. तेव्हा मला समजले. मला ओरडता आले असते तरी मी ओरडलो नसतो.

मार्सियाल पोत्यावर बसून तिला आपल्या गावाविषयी सांगत होता. "आमची चक्की, डोंगरात. खूप बर्फ. आई पीठ चाळते, सगळी पांढरी होते, भुतासारखी. मी घाबरायचो."

"आहे का आई?"

"माहीत नाही. आम्हाला काही कळत नाही."

कितेरियाचा हातोडा थांबला. "पाणी आणतोस प्यायला?" तिने विचारले. तो बाहेर गेला. मग तिने माझ्या भोवतालच्या पट्ट्याची पाचर ठोकून सैल केली.

मला पुन्हा जागेवर बसवल्यावर त्याने तिच्या पदरात दोन ओंजळी पीठ घातले. तिने मागितले नव्हते तरी तिसरी घातली. ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"आज चालवू नकोस. लेप सुकू दे. आणि पाणी सोडलंस की जवळ उभा राहू नकोस."

"चक्कीवाला लांब उभा राहतो?" तो म्हणाला. "पीठ हाताला कळतं. तूच केलं, मी पाहिलं."

"राहू नकोस जवळ. सांगतेय ते ऐक."

"बरं, बरं," तो म्हणाला, जसे आईला म्हणतात तसे.

दुसऱ्या दिवशी त्याने पाणी सोडले आणि धारेखाली हात धरला. मी वेग घेतला, पट्टा निसटला आणि मी दुभंगलो. माझा एक तुकडा भिंतीवर गेला, दुसरा त्याच्या छातीवर. आवाज ऐकून बाकीचे धावत आले. त्यांनी आधी सांडलेले पीठ गोळा केले. मग मार्सियालचे प्रेत ओढत चक्कीमागे नेले आणि वर झुडपे टाकली.

चक्की बंद पडल्यावर सैनिक मका तसाच उकडून खाऊ लागले. त्यांची पोटे बिघडली. थोड्याच दिवसांत ती तुकडी ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या गावात निघून गेली. तिथेही चक्की होती. त्या गावाचे पुढे काय झाले, यावर माझ्या पायरीवर कधी कोणी बोलत नाही.

एंग्रासियाने त्या पिठाची पेज खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली. त्याच आठवड्यात ती गेली.

वसंतात फ्रेंच देश सोडून निघाले आणि त्यांच्या मागोमाग दमियांव परत आला. लिस्बनला गेलेल्यांपैकीही पुष्कळ जण रोगराईने आणि उपासमारीने मेले होते. कितेरियाने त्याला चक्कीत आणून त्याच्या वडिलांचे सगळे सांगितले, काही लपवले नाही. तो माझ्या तुकड्यांकडे बघत राहिला.

"तेव्हाच घण घातला असता तर बाबा..."

"तर मी तुला जन्मभर शिव्या दिल्या असत्या," ती म्हणाली, "आणि तू काय वाचवलंस हे मला कधी कळलं नसतं."

चक्कीमागे त्यांना झुडपांखाली मार्सियाल सापडला.

"ओढ्यात ढकलू," दमियांव म्हणाला.

"नाही. पुरायचा."

"कोमाद्रे, माझ्या बापाला यांनी जाळावर धरला."

"याला मी मारलाय, कोंपाद्रे. याचं काय करायचं ते मी ठरवणार. तुला जमत नसेल तर फावडं इकडे दे."

दमियांवने फावडे दिले नाही. तो खणू लागला. खणता खणता रडत होता, पण थांबला नाही. माझा एक तुकडा पुढे ही पायरी झाला; दुसरा, लांडग्यांनी उकरू नये म्हणून, दोघांनी ढकलत नेऊन वर ठेवला. नंतर दमियांवने त्यावर क्रूस कोरला आणि विचारले, "नाव काय लिहू?"

कितेरियाने त्या सैनिकाला नाव विचारलेच नव्हते. मला ते ठाऊक होते, पण दगडाला सांगता येत नाही.

मित्रांनो, पुढे तुम्हाला कोणी लढायांच्या गोष्टी सांगेल. तोफा किती होत्या, कोण जिंकले, कोण हरले. ते जरूर ऐका. मात्र तिथे चूल कोणाची विझली, चक्की कोणाची फुटली, हेही विचारा. आणि तुमच्या गावात धान्य दळणारे, पाणी देणारे जे काही असेल ते सांभाळा, म्हणजे कोणा कितेरियाला ते आपल्या हाताने मोडावे लागणार नाही.

त्या सैनिकाचे नाव मार्सियाल होते. तेवढे लक्षात ठेवा.