तळाची जाळी

"ह्यो डबा कुनी बनवला?"

लग्नाच्या फिल्मा काढणाऱ्या गुरुपादय्यांनी कॉम्प्युटरचं काळं कॅबिनेट काउंटरवर असं आदळलं की काचेखालचे नमुन्याचे फोटो हलले. "भर मांडवात बंद पडलं. पडद्यावर नवरा-नवरी हार घालायलेत, अन् एकदम अंधार! दुबलगुंडीची मानसं अजून हसायलीत मला."

भालकीच्या आपल्या फोटो स्टुडिओत शिवशंकर काउंटरमागून उठला. मग त्यानं आतल्या खोलीकडं मान वळवली.

"बहिणीनं बनवला, स्वामी. दीपमालानं."

आत दीपमाला एका लग्नाच्या फिल्मचं मिक्सिंग करत होती. माउसवरचा तिचा हात थांबला. दोन वर्षं ही कॅबिनेटं बिदर-कलबुर्गीला जात होती, आणि गिऱ्हाइकासमोर भावाच्या तोंडून तिचं नाव आज पहिल्यांदा निघालं होतं.

लग्नाची फिल्म त्याच दिवशी मांडवात दाखवायची टूम निघाली, तेव्हापासून कॉम्प्युटर जीपमधून न्यावा लागायचा. मोठं कॅबिनेट जीपमध्ये मावायचं नाही. लहानात घातलं, की चैत्राच्या उन्हात आतलं दांडगं ग्राफिक्स कार्ड तापायचं आणि मशीन बंद पडायचं. कार्ड हलकं घ्यावं तर फिल्म वेळेत व्हायची नाही. दीपमालानं पुठ्ठ्याची खोकी चिकटवून पाहिली. आत उदबत्ती लावून धूर कुठं अडतो, कुठून निघतो, ते पाहत बसली. घरचे म्हणाले, पोरीला खूळ लागलं. शेवटी तिनं कार्ड उभं केलं, त्याला पत्र्याचा आडोसा घालून वेगळा कप्पा दिला, खाली उंच पाय आणि तळाला जाळी. गार वारा खालून आत, गरम वारा वरून बाहेर. पत्रेवाल्या व्यंकटनं तिच्या मापानं पत्रा वाकवून दिला. ते कॅबिनेट शाळेच्या दप्तरात बसायचं आणि दुपारच्या मांडवातही चालायचं.

बिदरचे कॉम्प्युटरवाले अंकुशराव एका लग्नात ते बघून घरी आले. बोलणं शिवशंकरशी झालं: डबे भालकीत बनवायचे, विकायचे अंकुशरावांनी. दीपमालानं चहा दिला. माल तयार झाला तेव्हा त्यावर 'शिवशंकर कॅबिनेट' असं छापलेलं होतं.

"अण्णा, माझं नाव कामून न्हाई?" तिनं विचारलं होतं.

"बाईचं नाव बघून मशीन कोन घील? अन् घरातलंच हाय की सगळं."

तेव्हा ती पुढच्या डब्याची मापं काढायला निघून गेली होती.

आता ती बाहेर आली. स्क्रूड्रायव्हर घेऊन तिनं गुरुपादय्यांचं कॅबिनेट आडवं केलं. तळाला जाळी नव्हती, सलग पत्रा होता. पाय कापून रबराच्या टिकल्या चिकटवल्या होत्या. वर लाल दिव्यांचं प्लॅस्टिक बसवलं होतं, त्यानं वरची वाटही अर्धी झाकली होती.

"हे मी बनवलेलं न्हाई," ती म्हणाली. "तळ कुनी बुजवला?"

शिवशंकर नजर चुकवत पुटपुटला, "अंकुशरावांनी, त्यांच्या दुकानात. म्हनले, जाळीतून धूळ जाती. पाय उंच दिसत्यात. दिवे लावलं की गिऱ्हाईक खूश..."

"अन् तू?"

"मी व्हय म्हनलो."

"मला इचारलास?"

"तुला काय इचारायचं, एवढ्याशा गोष्टीला?"

"एवढीशी?" तिचा आवाज रस्त्यावर गेला. समोरच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली. "नाक दाबायचं अन् वर म्हनायचं पळ! चाललं तवर शिवशंकर, अन् बंद पडलं की दीपमाला? माझं नाव काढायला आजचाच दिवस घावला व्हय रे तुला?"

"स्वामींसमोर कशाला..."

"स्वामींसमोरच. माझं नाव त्यांच्यासमोरच घेतलास की."

तिनं त्याच्या खिशातला मोबाइल काढून अंकुशरावांना लावला. दुकानात आहे तेवढा माल थांबवा, तळ उघडल्याशिवाय विकू नका, म्हणाली.

"शिवशंकरला द्या," पलीकडून उत्तर आलं.

"मी बोलायलेय न्हवं? बनवलंय मी."

"हे बघा बाई, नमुना हाय माझ्याजवळ. हैदराबादला बनवून घेतो. तुमची गरज न्हाई." फोन बंद झाला.

शिवशंकर कपाळाला हात लावून बसला. "घालवलीस सगळी गिऱ्हाइकी."

कॅबिनेट काखेत घेऊन दीपमाला भर उन्हात व्यंकटच्या दुकानाकडं निघाली. गुरुपादय्या मागोमाग गेले. तिनं स्वतः आखून तळ कापून घेतला, जाळी लावली, पाय चढवले, दिव्यांचं प्लॅस्टिक उचकटून टाकलं. कार्ड जळालेलं नव्हतं. तिथंच वायर ओढून तिनं मशीन लावलं आणि दुबलगुंडीचीच फिल्म सुरू केली. दुपारभर ती चालत राहिली.

"पुन्हा बंद पडलं तर कुनाला इचारू, अक्का?"

"मला. दुसऱ्या कुनाला न्हाई."

गुरुपादय्यांनी मान हलवली आणि मशीन छातीशी धरून बस गाठली.

अंकुशरावांनी खरोखरच हैदराबादहून माल आणला. तसाच बुजलेल्या तळाचा. शिवशंकर बरेच दिवस तिच्याशी नीट बोलला नाही. तीही मिक्सिंगपुरतीच बोलत राहिली.

दिवाळीच्या आधी ती हुमनाबादला गेली होती. एका मोबाइलच्या दुकानात तिला अंकुशरावांचा तो हैदराबादचा डबा दिसला. बाजूचा पत्रा काढून उघडाच ठेवलेला, आणि त्याच्याकडं तोंड करून टेबलफॅन लावलेला. तिचा कप्पा, तिचा आडोसा, उभं कार्ड. ती आत गेली आणि तिनं वाकून हात पुढं केला.

"ओ अक्का, हात लावू नका," दुकानदार ओरडला. "कंपनीचा माल हाय त्यो."

दीपमालानं हात मागं घेतला. फॅनचा वारा कार्डाला लागतच नव्हता, आडोशाच्या पत्र्यावर आपटत होता. तिनं फॅनची मान जरा वळवली.

"मी पंख्याला हात लावलाय," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून बसस्टँडकडं चालू लागली.