पलंगाखालची गळती

"पाण्याचा हिशेब कधी चुकत नसतो, चुकतो तो हिशेब करणारा!" पाणीवाल्या साहेबांनी पलंगावरून अख्ख्या वॉर्डाला ऐकवलं, आणि लगेच शेजारच्या पेशंटच्या ग्लासाकडे मांजरानं दुधाकडे बघावं तसं बघितलं.

"तिकडे बघू नका," बायको म्हणाली. "ठसका लागेल त्यांना."

साहेबांनी हयातभर गावाला पाणी मोजून दिलं होतं. कुणाचा नळ उघडा दिसला की दारात उभं राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. निवृत्त झाले, गावानं सुटकेचा निःश्वास टाकला, आणि आता त्यांनाच पाणी मोजून मिळत होतं. मूत्रपिंडांनी संप पुकारला होता, पाय सुजले होते. डॉक्टरीणबाईंचा नियम सरळ होता: काल जेवढी लघवी झाली तेवढं पाणी आज, वर अर्धा लिटर. लघवी पलंगाखालच्या खुणांच्या भांड्यात करायची, सिस्टर मोजून ओतणार.

आवक-जावक बघून साहेब आधी खूश झाले. पण भांड्यातली जावक रोज घटत गेली, तसं पाणीही घटलं. जीभ टाळूला चिकटली. कूस बदलून बदलून चादरीची दोरी झाली. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ ठिबकायचा, तो थेंब थेंब थेट डोक्यात पडायचा.

"बंद करा तो नळ! नासाडी चाललीय!"

आज सकाळी डॉक्टरीणबाई बोलून गेल्या होत्या, "भांडं असंच रिकामं राहिलं तर उद्या डायलिसिसचं मशीन लावावं लागेल." तेव्हापासून साहेब बारा वेळा उठून बसले, बारा वेळा आडवे झाले.

दुपारी डॉक्टरीणबाई परत आल्या, तेव्हा साहेबांची थोरली बहीण भेटायला येऊन उशाशी बसली होती. त्यांनी साहेबांना काट्यावर उभं केलं, नडगीवर अंगठा दाबला, जीभ बघितली.

"काका, वजन उतरलंय, सूज ओसरलीय, जीभ कोरडी ठक्क. रक्ताचा रिपोर्टही बिघडलेला नाही. आणि भांडं म्हणतं लघवीच होत नाही. मग अंगातलं पाणी गेलं कुठं?"

"गळती!" साहेब ताडकन उठले. चाळीस वर्षांच्या नोकरीत या प्रश्नाला त्यांचं हेच उत्तर असायचं. "मधे कुठेतरी गळती आहे!"

बायको खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर नुसती भिंत होती.

"अगं?"

"मला काय विचारता? या ताई येतात भेटायला, भाचे येतात, व्याही येतात. चारचौघांत ते भांडं पलंगाखाली ठेवायचं? लोक काय म्हणतील? कुणी यायच्या आत मी आपली ओतून, विसळून ठेवत होते."

"रोज?"

"दोनदा. रविवारी तीनदा, रविवारी गर्दी असते."

साहेबांनी जन्मभर जमिनीखालचे पाइप उकरले, आणि गळती निघाली घरच्या वळणात. उशाशी बसलेली ताई म्हणाली, "अगं, माझ्यापुढे कसली लाज? मी याचे लंगोट धुतलेत!"

"ताई!" साहेब ओरडले.

डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "बरं. पाणी आतापासून वाढवू. संध्याकाळपर्यंतचं सगळं भांड्यात, एक थेंब बाहेर नको. नीट भरलं तर उद्याचं मशीन रद्द. मला वाटतं, मूत्रपिंडं कामावर आलीत."

साहेबांनी पहिला ग्लास एका दमात रिचवला, मग दुसरा. बघता बघता वेळ आली. सिस्टरनं पडदा ओढला, भांडं हातात दिलं. पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाई, बायको आणि ताई श्वास रोखून उभ्या राहिल्या. शेजारच्या पेशंटनंही कान टवकारले. साहेबांचं सगळं भवितव्य आता त्या एका भांड्यात होतं.

काहीच आवाज येईना.

"अहो, काय झालं?" बायकोनं पडद्याजवळ येऊन विचारलं.

पडद्याआडून साहेब खाकरले.

"अगं… तो कोपऱ्यातला नळ जरा सोडतेस का? आवाज असला की बरं होतं."