सात झाकणं

माझी मुलगी दोनाला एक म्हणते. यात तिचा दोष नाही, माझा आहे. मी बुटांच्या दुकानाच्या गोदामात कामाला. दोन वर्षांपूर्वी तिची आई वारली, तेव्हापासून पोरगी माझ्यासोबत तिथेच असते. खोक्यांवर बसून ती मोजायला शिकली, आणि गोदामात बूट कुणी सुटे मोजत नाही. जोड मोजतात.

पहिलीत प्रवेश हवा तर दहापर्यंत मोजता आलं पाहिजे, असा शाळेचा नियम. नाही आलं तर आणखी एक वर्ष गोदाम. मालकांनी आधीच तोंड वाकडं केलं होतं. "हे दुकान आहे, पाळणाघर नाही," असं ते मला आठवड्यातून दोनदा तरी सांगत, जणू मी पाटी वाचलीच नव्हती.

प्रवेशाच्या दिवशी शाळेत बाईंनी टेबलावर बाटल्यांची सात झाकणं मांडली. "किती गं बाळ?"

पोरीने ती दोन-दोन करून लावली. "तीन. आणि एकाचा जोडीदार सापडत नाहीये."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"बरं, हे एक मी काढून घेतलं. आता?"

"तीन."

"एक गेलं तरी तीनच?"

"ते एकटं होतं ना. एकट्याला मोजत नाहीत, त्याचा जोडीदार शोधतात."

"आणि ही दोन वाढवली तर?"

"चार," पोरगी म्हणाली. एवढं सोपं काय विचारता, असा तिचा चेहरा.

मी घाईघाईने गोदामाची सगळी हकीकत सांगून टाकली, तीही हात जोडून. बाई म्हणाल्या, "हिशेब चुकत नाही तिचा. पण वर्गात चाळीस मुलं एक-एक मोजणार. हिला रोज वेगळं कोण समजावणार?" त्यांनी अर्ज पुढे ओढला, आणि उरलेला रकाना भरायचा म्हणून तिलाच विचारलं, "घरात माणसं किती?"

"एक."

"एकच? मग बाबा?"

"बाबा आणि मी. एक."

दोन वर्षं मी आमचं घर मोजत होतो, ते दोन सुटे म्हणून. माझ्यासारख्या जुन्या कामगाराची मोजणी चुकली होती.

बाईंनी रकान्यात दोन लिहिलं आणि सोमवारपासून पाठवायला सांगितलं. मला ते नीट ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर पोरीनेच सांगितलं.