वायरींची वेणी

आमच्या भावजींचं केस कापायचं दुकान आहे आणि त्या माणसाला विस्कटलेलं काही बघवत नाही. ताईला पहिल्यांदा बघायला आले होते, तेव्हा बोलता बोलता त्यांनी आमच्या पडद्याच्या चुण्या सारख्या केल्या होत्या. मी घरून काम करायचं ठरवलं तेव्हा सुटे भाग आणून माझा कॉम्प्युटर आम्ही दोघांनी मिळून जोडला. म्हणजे जोडला मी. भावजींनी आतल्या वायरींची चक्क तिपेडी वेणी घातली, जागोजागी प्लास्टिकच्या पट्ट्या आवळल्या आणि पुढचे कित्येक महिने येणाऱ्याजाणाऱ्याला डब्याच्या काचेतून ती वेणी दाखवली.

घरून काम करायचं ते आईसाठी. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचा उजवा हात उचलला जात नाही, शब्द अडखळतात आणि परक्या माणसासमोर तर ती तोंडच उघडत नाही. मी तिच्याच खोलीत बसून अजून न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म कॉम्प्युटरवर बनवते. मला काम देणारी कंपनी एकच. एका वाचनालयाची फिल्म ठरल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मिळाली नाही तर पुढचं काम दुसऱ्याला, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. तसं झालं की मी परत दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात आणि आई वृद्धाश्रमात. आईला मी हे सांगितलं नव्हतं, पण तिचे कान शाबूत आहेत.

आणि नेमका त्याच दिवशी सकाळी कॉम्प्युटरने दगा दिला. साधं काम करताना गुणी बाळ, पण फिल्म तयार करायला लावली की खट्कन बंद. तिसऱ्यांदा बंद पडला तो पडलाच. पंखे फिरत होते, पडद्यावर मात्र अंधार. मी भिंतीतला प्लग बदलून पाहिला, मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, शेवटी डब्यावर एक चापट मारली. मग भावजींना फोन केला.

ते दुकानातून तसेच आले, गळ्यात एप्रन, कमरेला कात्रीची पिशवी. खुर्चीतलं गिऱ्हाईक कारागिराच्या हवाली केलं होतं.

"काय मेहुणीबाई, मारलंत का त्याला?"

"एकच चापट," मी म्हणाले. "थट्टा नको भावजी. संध्याकाळी फिल्म द्यायचीय."

त्यांनी एकदा आईकडे पाहिलं आणि मांडी ठोकून बसले.

पडद्याची वायर फिल्मचं जड काम ओढणाऱ्या ग्राफिक्स कार्डातून काढून थेट मदरबोर्डाला लावली, तर चित्र आलं. म्हणजे बाकी सगळं ठीक, घोळ कार्डात नाहीतर त्याला वीज देणाऱ्या सप्लायमध्ये. माझा राग सप्लायवर होता. "स्वस्तातला घेतला ना, भोगा आता," असं मी स्वतःलाच बडबडत होते. भावजी कार्डात खुपसलेला प्लग ओढत होते आणि तो निघत नव्हता. निघाला तेव्हा जळकट वास आला. प्लगचं एक टोक तपकिरी पडून वितळलं होतं, कार्डातली खाच काळी झाली होती.

भावजींनी प्लगची वायर बोटाने मागे वेणीपर्यंत चाचपली.

"सप्लाय चांगलाय," ते म्हणाले. "माझ्यामुळे झालंय हे."

"तुमच्यामुळे?" मी विचारलं.

"तू मोठं कार्ड आणलंस तेव्हा त्याला दोन वेगळ्या वायरी द्यायला हव्या होत्या. दुसरी वायर ओढायची तर वेणी सोडावी लागली असती. म्हणून मी एकाच वायरीची दोन तोंडं लावली. सगळा भार एकीवर. तू विचारलंही होतंस, आणि मी म्हणालो होतो, काही होत नाही."

माझं डोकं फिरलं. "वेणीसाठी? भावजी, माझी आई…" पुढचं मी गिळलं, कारण आई जागी होती.

ते गप्प बसले असते तर मला जन्मात कळलं नसतं. मी सप्लायला शिव्या देत राहिले असते. हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी फक्त तणतणत होते.

भावजींनी कमरेची कात्री काढली. ती कात्री केसांशिवाय कशालाच लावायची नाही, हा त्यांचा नेम. ताईने एकदा त्या कात्रीने दुधाची पिशवी कापली, तर दोन दिवस अबोला होता.

"थांबा, स्वयंपाकघरातली आणते," मी म्हणाले.

तोवर त्यांनी वेणीची पहिली पट्टी कापलीसुद्धा. कट्, कट्, कट्. वेणी सुटून डब्याबाहेर लोंबायला लागली.

मग ते घरी गेले आणि स्वतःच्या कॉम्प्युटरमधलं कार्ड घेऊन आले. दोन वायरी वेगवेगळ्या ओढल्या, कार्ड बसवलं, मला म्हणाले, "लाव."

पडदा उजळला. फिल्म तयार व्हायला लागली आणि या वेळी खट् झालं नाही.

आई तिच्या खुर्चीतून डब्याकडे बघत होती. "जावईबापू," ती एकेक शब्द जुळवत म्हणाली, "केस… विंचरा… त्याचे."

भावजी इतके हसले की डोळे पुसायला एप्रन लागला. मीही हसले, आणि मग मला रडू आलं.

दिवस मावळायच्या आत वाचनालयाची फिल्म गेली. थोड्याच वेळात कंपनीचं उत्तर आलं, सोबत पुढच्या इमारतीचे नकाशे. मी आईच्या गुडघ्यापाशी बसून सांगितलं, "तुला कुठेही जायचं नाहीये." तिने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि काढलाच नाही. त्याच अवस्थेत मी भावजींना फोन लावला.

"अगं, कसले आभार," ते म्हणाले. "जाळलं मीच ना?"

मी ऐकत होते. रोज संध्याकाळी या वेळेला त्यांच्याकडे फोन केला की मागे गाड्यांचा गोंगाट असतो. त्यांचा लेक शिकायला लांब राहतो, फोनवर हो-नाहीपलीकडे बोलत नाही. पण तेव्हा दोघं आपापल्या कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळतात आणि तेवढ्या वेळात तो बापाशी सगळं बोलतो. आज मागे काहीच आवाज नव्हता.

"भावजी, तुमच्याकडे आज गाड्या थांबल्यात, म्हणून आई माझ्याजवळ बसलीय," मी म्हणाले. "मी हे कधी विसरणार नाही."

 ते म्हणाले, "बरं, ठेव आता. लेकाचा फोन येतोय."